पोरांवर थेट प्रॉडक्शनमध्ये

मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही ऑफिसातले नऊ जण सीएसआरखाली एका शाळेत 'व्यसनमुक्ती' करून आलो. म्हणजे काय केलं? आठवी-नववीची पोरं सतरंजीवर बसवली, पाऊण तास स्लाइड्स दाखवल्या, कुजलेले जबडे नि काळी फुप्फुसं, मग हात पुढे करून शपथ, मग बिस्किटं, मग ग्रुप फोटो. निघताना फीडबॅक फॉर्म. सोमवारी सगळ्यांना मेल, की मुलांना कार्यक्रम प्रचंड आवडला.

ई-सिगारेटची स्लाइड माझ्याकडे होती. बिस्किटं वाटताना एक पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, त्यात आंब्याचा फ्लेवर खरंच येतो का?" त्या दिवशी सकाळपर्यंत त्याला ही वस्तू बहुतेक माहीतच नव्हती. मी सांगितली. प्रोजेक्टरवर, रंगीत चित्रासकट.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. आपण आयटीवाले साध्या 'बाय नाऊ' बटणाचा रंग बदलायचा तरी अर्ध्या लोकांना जुना नि अर्ध्यांना नवा दाखवून आकडे बघतो. आणि इथे चौदा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात काहीतरी ढकलायचं, तर टेस्टिंग नाही, रोलबॅक नाही, थेट प्रॉडक्शन! विचारलं की ठरलेलं उत्तर: "अरे, चांगलंच काम आहे, झाला तर फायदाच. तोटा काय?"

ह्या 'तोटा काय' वरच माझा राग आहे. तोटा होतो, आणि तो मोजलेला आहे.

अमेरिकेत बॉस्टनच्या शेजारी केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन गावं. १९३९ मध्ये तिथे रिचर्ड कॅबट नावाच्या डॉक्टरने मुलं वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून एक कार्यक्रम सुरू केला. ५०६ मुलगे घेतले, सारख्या पार्श्वभूमीच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवलं, मदत कोणाला द्यायची. मदतही आमच्यासारखी पाऊण तासाची नाही. सरासरी पाचेक वर्षं समुपदेशक घरी जायचे, अभ्यास घ्यायचे, डॉक्टरकडे न्यायचे, उन्हाळी शिबिरांना पाठवायचे. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड ह्या संशोधक बाईंनी ती मुलं, म्हणजे एव्हाना टक्कल पडलेले बापे, शोधून काढली. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश म्हणाले, आम्हाला फार उपयोग झाला. फीडबॅक फॉर्म एकदम झकास!

मग बाईंनी कोर्टाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी काढल्या. गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत साधारण सारखंच. पण एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा करणं, दारूच्या आहारी जाणं, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, हे सगळं मदत मिळालेल्यांत जास्त. १९७८ साली हे छापून आलं. नाणं उडवलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं. त्या दोन-तृतीयांश लोकांच्या आठवणी गोळा करून कोणीतरी सुंदर स्मरणिका काढली असती.

त्याच १९७८ मध्ये 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाचा माहितीपट आला. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात वाया जाणाऱ्या पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकरवी दमात घ्यायचं. पोरं रडली, प्रेक्षक रडले, ऑस्कर मिळालं. रटगर्स विद्यापीठाच्या जेम्स फिंकनॉर ह्यांनी तिथे गेलेली नि न गेलेली पोरं सहा महिने तपासली. न गेलेल्यांतल्या साधारण ११ टक्क्यांनी गुन्हा केला, गेलेल्यांतल्या ४१ टक्क्यांनी. नमुना लहान होता, मान्य. पण पुढे अशा नऊ प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला तेव्हाही निष्कर्ष तोच, की काहीच न करणं ह्यापेक्षा बरं. करायला गेलो गणपती नि झाला मारुती. तरी २०११ मध्ये ह्याच कल्पनेवर टीव्ही मालिका निघाली आणि काही वर्षं चालली.

(अवांतर: पोलिसांनी शाळेत येऊन ड्रग्जविरुद्ध धडे देण्याचा 'डेअर' कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला नि देशभर पसरला. १९९९ मध्ये दहा वर्षांचा पाठपुरावा छापून आला, केंटकीतल्या हजारएक मुलांचा. फरक शून्य. पालक मात्र खूश होते.)

म्हणजे काहीच करू नये? अजिबात नाही. २००४ ते २००६ मध्ये दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांत 'मायत्री' नावाचा तंबाखूविरोधी प्रयोग झाला. कोणत्या शाळांना कार्यक्रम मिळणार हे सोडतीने ठरवलं. वर्गातलीच पोरं पुढाकार घेऊन तास चालवायची, पालकांना पोस्टकार्डं जायची, आणि हे दोन वर्षं. शेवटी कार्यक्रम न मिळालेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता आणि मिळालेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला होता. आकडे मुलांनीच प्रश्नावलीत दिलेले, तेव्हा थोडं मीठ लावून घ्या. पण कोणी मोजलं म्हणून निदान भांडायला आकडे तरी आहेत!

"अर्ध्या मुलांना वंचित ठेवायचं? हे अनैतिक आहे," असं आमच्या मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. साहेब, आपल्या यादीत वीस शाळा आहेत नि यंदा बजेट दहाचं. दहा वंचित राहणारच आहेत. आत्ता त्या पार्किंग कुठे सोयीचं ह्यावर ठरतात, त्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवू. आधी आणि वर्षभराने, वीसही शाळांत बिननावाची प्रश्नावली देऊ. खर्च काय, तर झेरॉक्सचा. उपयोग दिसला तर उरलेल्या दहांना पुढच्या वर्षी. उलटं दिसलं तर बंद.

हे सगळं नीट लिहून मी सीएसआर टीमला मेल केली. तीन आठवडे झाले. परवा उत्तर आलं: पुढची शाळा डिसेंबरात आहे, टी-शर्टचा साइझ कळवा.