जिमच्या बॅनरवर आपली माणसे का नाहीत?

निजामपुऱ्यातून बाजाराकडे जाताना जिमचे बॅनर नीट पाहा. गोऱ्या कातडीचा, तेलाने चकाकणारा, सिक्स पॅकवाला तरुण. शेजारी सडपातळ मुलगी. खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो. ‘आधी’च्या फोटोतला माणूस मान खाली घालून, पोट सोडून उभा असतो. ‘नंतर’च्या फोटोत तोच हसतो. हा ‘आधी’चा माणूस म्हणजे आपण. लूमवर बारा तासांची पाळी करणारा भाऊ, गोदामात पॅकिंग करून घरी येताच गॅसपुढे उभी राहणारी बहीण, दोन बाळंतपणांनंतर पोट सुटलेली सून. जाहिरातीत आपल्याला जागा मिळते ती फक्त लाज वाटायला लावण्यापुरती.

आधी नर्स म्हणून वॉर्डात आणि आता वस्तीत काम करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. लाज वाटून कोणी निरोगी होत नाही. लाज वाटली की बाई रात्रीचे जेवण सोडते, वजनकाट्यावर चढायचे टाळते आणि शुगर तपासायला येतच नाही. पोरगा कोणाच्या तरी सांगण्यावरून स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतो. त्याने दंड फुगतात, पण लिव्हरला आणि हृदयाला धोका होतो, शुक्राणूही घटतात.

शिवाय नुसत्या दिसण्यावरून तब्येत कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी लपलेली असू शकते, हा त्याचा धडा. बॅनर ज्याला ‘फिट’ म्हणेल अशा काटकुळ्या माणसालाही शुगर असू शकते.

दुसरी बाजूही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याच सर्वेक्षणात २३ टक्के महिलांचे वजन जास्त निघाले. कधी कधी एकाच बाईत दोन्ही असते. तिला नुसते ‘वजन घटवा’ म्हटले की ती डाळ आणि भाजीच कमी करते, आणि तिचे रक्त आणखी घटते.

बॅनर बदलला तर फरक पडतो का? इंग्लंडमध्ये खेळासाठी काम करणाऱ्या ‘स्पोर्ट इंग्लंड’ या सरकारी संस्थेला आढळले की लोक काय म्हणतील या भीतीने बायका व्यायामापासून दूर राहतात. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी ‘धिस गर्ल कॅन’ ही मोहीम काढली. जाहिरातीत मॉडेल नव्हत्या. घामाघूम, जाड, बारीक, वेगवेगळ्या वर्णांच्या साध्या बायका पोहत, नाचत, धावत होत्या. मोहिमेमुळे २८ लाख महिलांनी काही ना काही व्यायाम केला किंवा वाढवला, असे संस्थेने वर्षभरानंतर सांगितले.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या शेतमजूर लता करे नऊवारीत, अनवाणी तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या एमआरआयसाठी त्यांना पैसे हवे होते. पुढे ‘लता भगवान करे’ या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांना कोणत्याही जिमच्या बॅनरवर कोणी घेतले नसते. मात्र पतीच्या तपासणीसाठी एका आजीला शर्यत जिंकावी लागते, याचा जाब सरकारी आरोग्यसेवेला विचारायलाच हवा.

‘मी आहे तशी छान आहे’ असे हल्ली मुली म्हणतात. म्हणावेच. पण त्याचा अर्थ ‘मला तपासणीची गरज नाही’ असा होत नाही. शिलाईचा टेप घ्या आणि बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे, पुरुषाची ९० च्या पुढे गेली असेल तर बीपी आणि शुगर तपासा. कंबर कमी असली तरी तिशीनंतर तपासाच. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत आलेल्या प्रसेनजित राजाला तथागतांनी हसून घालवले नाही. भान ठेवून, मापात जेवायला सांगितले. राजाने जेवताना रोज आठवण करून द्यायला एक माणूस नेमला आणि हळूहळू भात कमी केला. आपल्या घरीही ताटावर बसलेल्याला टोमणे मारण्यापेक्षा असाच आधार द्यावा.

व्यायाम म्हणजे जिमच, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणे. मात्र हा अर्धा तास बाईला मिळण्यासाठी घरातल्या कोणीतरी भांडी घासायला हवीत.

जिमचालकांना माझे सांगणे आहे. बॅनरवर आपल्याच सभासदांचे फोटो त्यांची परवानगी घेऊन लावा, ‘आधी-नंतर’ बंद करा. बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा. हातावर पोट असणाऱ्यांकडून वर्षाची फी एकदम मागू नका. महानगरपालिकेकडे आपण एकत्र अर्ज देऊ या. वस्तीजवळ खुली व्यायामशाळा हवी, तिथे दिवे आणि स्वच्छतागृह हवे, मोडलेले साहित्य वेळेवर दुरुस्त व्हायला हवे. तोपर्यंत विहाराचे अंगण आपलेच आहे. संध्याकाळी तासभर ते बायकांसाठी राखून ठेवा, साडीत या, पंजाबी ड्रेसमध्ये या, जशा असाल तशा या.

जय भीम.