वॅटच्या आकड्यापलीकडे

अँप्लिफायरच्या जाहिरातीतील वॅटचे आकडे विश्वासार्ह असावेत, यासाठी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४मध्ये नियम केला. तरीही मोजणीच्या अटी निवडण्याची मुभा विक्रेत्यांकडे राहिल्याने तुलना अवघडच होती. २०२४च्या दुरुस्तीने ती मुभा काढून घेतली. आता मोजणी ८ ओहमच्या भारावर आणि २० ते २०,००० हर्ट्‌झ या संपूर्ण पट्ट्यात व्हावी लागते.

ग्राहकाची दिशाभूल त्यामुळे कमी होईल. निवड मात्र तेवढ्याने सोपी होत नाही. कागदावर ८ ओहमचा असलेला उंची स्पीकर काही कंप्रतांना ४ ओहम किंवा त्याहूनही खाली उतरतो. तेव्हा अँप्लिफायरला दुप्पट विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. ज्याला ते झेपत नाही, त्याचा आवाज फाटतो. शिवाय ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला जेथे १०० वॅट लागतात, तेथे ९७ डेसिबलच्या स्पीकरला १० पुरतात. याउलट १००ऐवजी १२० वॅट घेतल्याने आवाजात १ डेसिबलचीही भर पडत नाही.

म्हणूनच जादा वॅटसाठी पैसे मोजण्यापूर्वी, तोच अँप्लिफायर ४ ओहमवर किती शक्ती देतो, हे दुकानदाराला विचारणे अधिक हिताचे.