तळं लोकांचं, कुलूप एकाचं



मासेमारीच्या तळ्याची वाट बंद झाली म्हटलं की आपल्यातल्या कितीजणी पटकन म्हणतील, "बरंच झालं, तेवढेच जीव वाचले." आज मला याच वाक्याशी भांडायचं आहे.

हकीकत कॅनडाची आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मेरिट गावाजवळ डग्लस लेक रँच म्हणून गुरांचं अवाढव्य कुरण आहे. मालक अमेरिकेतले अब्जाधीश स्टॅन क्रोंकी. त्या जमिनीच्या पोटात मिनी आणि स्टोनी ही दोन तळी. तिथल्या कायद्याने तळ्याचं पाणी सरकारचं, म्हणजे लोकांचं. पण वाटेवरच्या फाटकांना कुलपं. निकोला व्हॅली फिश अँड गेम क्लब कोर्टात गेला आणि २०१८ साली जिंकला. २०२१ साली अपील कोर्टाने निकाल फिरवला. पाणी लोकांचं असलं तरी तिथे पोहोचायला खासगी जमीन ओलांडण्याचा हक्क लोकांना नाही, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने पुढचं अपील ऐकायला घेतलं नाही.

मग मासे वाचले का? मुळीच नाही. रँचवाले स्वतःच तळ्यात मासे सोडतात आणि पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांना गळ टाकू देतात. हिंसा होती तिथेच राहिली, वर परिग्रह वाढला. याला अहिंसा म्हणायला मी तयार नाही.

मी गळाची बाजू घेत नाही. गळ टाकू नका, हे मी गावकऱ्याला सांगेन आणि लॉजमधल्या पाहुण्यालाही सांगेन. पण कुलूप फक्त गळवाल्याला अडवत नाही. नुसते पक्षी बघायला निघालेल्या पोरांना आणि काठावर घटकाभर बसायला आलेल्या आजीलाही ते अडवतं.

बाह्य परिग्रहाच्या यादीत पहिलं नाव क्षेत्राचं आहे, म्हणजे जमिनीचं. त्याला मर्यादा घालायला शास्त्राने उगीच सांगितलं नाही. आपण पाणी गाळतो आणि जिवाणी ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत सोडतो. घागर आपली असली तरी पाणी आणि त्यातले जीव आपल्या मालकीचे होत नाहीत, हेच आपल्या आज्यांनी त्यातून शिकवलं.

लोक कचरा टाकतात, गवत तुडवतात, फाटकं उघडी ठेवतात, ही मालकाची तक्रार खोटी नसेल. त्यावर नियम करा, दंड लावा. नोव्हा स्कोशिया प्रांताच्या कायद्याने तिथल्या रहिवाशांना मासेमारीसाठी पडीक जमिनीवरून पायी जाता येतं. तिथे जमतं, तर ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाला पायवाटेपुरता कायदा करायला काय हरकत आहे? मी तर म्हणेन, तो गळ नसलेल्यांसाठीही करावा.

तुमच्यापैकी ज्यांच्या लेकी-सुना तिकडे व्हँकुव्हरकडे नांदतात, त्यांनी फोनवर एवढा विषय जरूर काढा. त्यांतल्या ज्या तिथल्या नागरिक आहेत, त्यांना तिथे मत आहे. आपल्या आमदाराला चार ओळी लिहायला त्यांना सांगा.