पाच खणांचे यंत्र भंगारात देऊ नका



वर्गाच्या कपाटात असलेला पाच तबकड्यांचा डीव्हीडी-सीडी प्लेअर यंदा भंगारात द्यावा, अशी सूचना पालकसभेत आली आहे. आमचा तिला विरोध आहे. तसाच एक प्लेअर आमच्या घरी २००४ पासून चालू आहे. त्या वीसेक वर्षांच्या सहवासावरून हे लिहीत आहोत.

आधी मुलांसाठी थोडे. ड्रॉवर बाहेर आला की आत मसाल्याच्या डब्यासारखी गोल चकती दिसते. तिच्यात पाच खण. तबकड्या पाच असल्या तरी त्या वाचणारा डोळा एकच, त्यामुळे एक संपली की चकती फिरते, ‘गुर्र... खट्’ असा आवाज येतो आणि दहा-पंधरा सेकंद घरात शांतता पसरते. सीडी १९८२ साली बाजारात आली, डीव्हीडी जपानमध्ये १९९६ ला आणि अमेरिकेत १९९७ ला. दोन्ही आकाराने सारख्याच, १२ सेंटिमीटरच्या. पण सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा लाल. प्रकाशाची लांबी कमी म्हणून खुणा बारीक, आणि खुणा बारीक म्हणून तेवढ्याच जागेत सीडीच्या सहा-सातपट मजकूर मावतो. (वर्गात विचारणार आहोत, तयार राहा!)

आम्ही हे यंत्र घेतले त्याचे कारण व्हीसीडी. त्या वर्षी ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला गेला, आणि आमच्या ओळखीत जो तो भारतातून येणाऱ्याला मराठी सिनेमे, नाटके आणायला सांगू लागला. येत त्या बहुधा व्हीसीडी. एका व्हीसीडीवर ७४ मिनिटे मावतात, म्हणजे एका नाटकाला दोन किंवा तीन तबकड्या. एका खणाच्या प्लेअरवर नाटक ऐन रंगात आले की कुणीतरी उठायचे, आणि उठलेला माणूस चहा टाकूनच परत यायचा. पाच खणांत सगळे अंक ओळीने लावले की प्रश्न मिटला.

आता तक्रारी. यंत्र अवाढव्य आहे. हल्लीच्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोके नसतात, मध्ये एक डबी जोडावी लागते. मोठ्या पडद्यावर चित्र धूसर दिसते, कारण डीव्हीडीत मुळातच ४८० ओळी. भारत विभाग ५ आणि अमेरिका विभाग १ ही डीव्हीडी कंपन्यांनी पाडलेली वाटणी तर आम्हाला कधीच पटली नाही. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या बऱ्याच हिंदी-मराठी तबकड्यांवर हे बंधन नसते, म्हणून निभावले. पण पुण्याहून आलेली एखादी पाल पद्धतीची असली की आमच्या यंत्रावर चित्र काळे-पांढरे होऊन वर सरकत राही. आणि ‘रँडम’ नावाचे बटण गोष्टींच्या बाबतीत कायमचे बंद ठेवावे. ते दाबले की भीमसेनजींच्या अभंगानंतर बडबडगीत येते, त्याला हरकत नाही, उलट मजाच! पण पुलंच्या कथाकथनाचा शेवट आधी आणि सुरुवात नंतर, हे कोण सहन करील?

बारा-तेरा वर्षांनी ड्रॉवर उघडेना. दुरुस्ती केंद्राने, यंत्र न पाहताच, फोनवर ‘नवीन घ्या’ म्हणून सांगितले. आम्ही वायर काढून झाकण उघडले, तर ड्रॉवर ओढणारा रबरी पट्टा सैल पडला होता. दोन-चार डॉलरचा पट्टा आणि एक शनिवार दुपार. थोरलीने टॉर्च धरला. कुठले चाक कशाला फिरवते हे तिने बोट ठेवून शोधून काढले आणि आईला मराठीतून समजावले. फोनच्या पोटात बोट घालून असे काही दाखवता येत नाही. वर्गातल्या प्लेअरचा ड्रॉवरही अर्धाच उघडतो असे कळले. आमचा संशय त्याच पट्ट्यावर आहे.

पण यंत्र ठेवा म्हणण्याचे खरे कारण वेगळे आहे, आणि तेवढ्यासाठी पालकांनी पुढचे दोन परिच्छेद तरी वाचावेत.

दुकानातून आणलेल्या सीडीवर खुणा साच्यातून ठोकलेल्या असतात. आपण घरी संगणकावर भरलेल्या सीडीवर रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसर त्या रंगात खुणा उमटवतो. हा रंग ऊन, उष्णता आणि काळ यांनी उडतो. म्हणजे जे गाणे आजही कुठेही विकत मिळेल ते टिकते, आणि जे जगात फक्त आपल्याच घरी आहे ते आधी जाते. आमच्या सांगलीच्या आजींच्या गोष्टी काकांनी कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. २००५ मध्ये त्या तीन सीडींवर उतरवल्या. आजी २०११ मध्ये गेल्या. त्या गोष्टींत मध्येच कुकरची शिट्टी होते, आजी ‘अगं बघ जरा’ म्हणून कुणाला तरी हाक मारतात, आणि पुन्हा कोल्ह्याकडे वळतात. आमचा धाकटा ‘वंगाळ’ हा शब्द तिथून शिकला. वर्गाच्या पुस्तकात तो नाही.

दोन वर्षांपूर्वी दुसरी सीडी संगणकाने ओळखायचेच नाकारले. जुन्या प्लेअरने मात्र ती वाजवली. मध्ये दोन ठिकाणी ‘टक्’ झाले, एवढेच. त्यामागे गंमत आहे. गाण्याच्या सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे असतात. चरा मोठा असला आणि एखादे मोजमाप हरवले, तर प्लेअर शेजारच्या मोजमापांवरून मधले अंदाजाने भरून पुढे जातो. गोष्ट सांगताना शब्द आठवला नाही तर आजीही असेच करायच्या! मग प्लेअरच्या मागून वायर संगणकात घातली आणि आवाज तिथे भरून घेतला. तासाभराची सीडी उतरवायला तासच लागतो. तो तास चौघांनी बसून ऐकला.

‘आता सगळे इंटरनेटवर आहे’ असे सभेत सांगितले गेले. पुष्कळ आहे, आम्हीही ऐकतो. पण आजी तिथे नाहीत. आणि जे आहे तेही कायमचे राहील याची हमी कुणी दिलेली नाही. नेटफ्लिक्सने १९९८ पासून चाललेली टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सेवा देणाऱ्याच्या मर्जीवर असते, कपाटातली तबकडी आपली असते. शिवाय इंटरनेटवर एक मराठी गोष्ट संपली की पुढची कुठल्या भाषेतली येईल हे आपण ठरवत नाही. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी चौघांचा एकेक खण आणि पाचवा पाहुण्याचा. भांडणे होतात, पण मराठीतून होतात. थोरली परवा म्हणाली, ‘बाबा, तुमच्या खणात तेच तेच असतं.’ हे वाक्य आम्ही तिला शिकवले नव्हते.

सबटायटल्सबद्दलही जाता जाता. पहिल्यांदा बंद ठेवा, अडले तर दुसऱ्यांदा लावा. खाली इंग्रजी दिसू लागले की मुलांचे कान मिटतात, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांचेही.

तेव्हा आमची सूचना अशी: वर्गाचा प्लेअर ठेवावा. पट्टा आम्ही आणून बसवतो, मोठ्या गटातली दोन मुले मदतीला द्यावीत. पुढच्या दोन रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही तासभर थांबू. ज्यांच्याकडे घरी भरलेल्या सीडी आहेत, मग ते आजोबांचे बोलणे असो, बारशातली पाळण्याची गाणी असोत की मंडळातले नाटक, त्यांनी त्या आणाव्यात. तबकडीवर कागदी लेबल चिकटवलेले असेल तर सोलू नका, वरचा थर निघून येतो. पुसायची झाली तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नव्हे. आवाज कुणाचा आणि साधारण कुठल्या वर्षीचा हे एका चिठ्ठीवर मराठीत लिहून आणण्याचे काम मुलांचे. लाल-पांढऱ्या टोकांची वायर कुणाकडे असल्यास तीही आणावी. वर्गाची गेल्या गणेशोत्सवापासून सापडत नाही.