हजेरी फक्त मजुराचीच का?

कोरोनाच्या काळात घरी बसून काम करणाऱ्या नोकरदारांना कंपन्यांनी पुन्हा ऑफिसात बोलावले, तेव्हा मोठी ओरड झाली. टीसीएससारख्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजर राहा, असे फर्मान काढले. प्रवासात आयुष्य जाते, कंपनी लॅपटॉपमधून पाळत ठेवते, आमच्या खासगीपणाचे काय, असे सवाल विचारले गेले. हे सवाल खोटे नाहीत. विचारणाऱ्यांत आमचीही शिकून पुढे गेलेली मुले आहेत. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यावरची बाई कुठल्या यंत्रासमोर उभी आहे, हे विचारायला कुणी गेले नाही.

इथे 'घरून काम' हा प्रकार कधी नव्हताच. कुणी वीटभट्टीवर जातो, कुणी वापी-उंबरगावच्या कारखान्यात, कुणी गुजरातच्या मच्छीमार बोटीवर. गावात राहायचे तर रोजगार हमीचा आधार. ही हमी महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याने दिली आणि पुढे ती देशाने घेतली. त्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल अ‍ॅपची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोन वेळा फोटो, सोबत ठिकाणाची आणि वेळेची नोंद. मजुरी मोजायची कामाच्या मापावर, पण माती लवकर उपसून झाली तरी दुसऱ्या फोटोसाठी मजुराने तिथेच थांबायचे. फोटो चढला नाही तर घाम गाळूनही हजेरीचा वांधा. वर्षभराने, १ जानेवारी २०२४ पासून, मजुरीही आधारच्या जोडणीवरच मिळू लागली.

हे सारे कशासाठी? तर चोरी थांबावी म्हणून. ती थांबली का? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावे लागले, की अ‍ॅपवर भलतेच फोटो, फोटोंचेही फोटो चढवले जात आहेत. म्हणजे लबाडाने यंत्रालाही फसवले आणि प्रामाणिक मजूर तेवढा उन्हात ताटकळला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. त्यातही अंगठ्या-चेहऱ्याची ओळख आहेच.

अंगणवाडीची गत वेगळी नाही. २०२१ मध्ये राज्यातील हजारो सेविकांनी निकृष्ट सरकारी मोबाईल परत केले. अ‍ॅप इंग्रजीत, फोन तापणारा, बंद पडणारा. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहराही यंत्राला दाखवणे सक्तीचे झाले. पोटातल्या बाळाचा घास नेटवर्कवर टांगला गेला!

काही विद्वान म्हणतात, खासगीपणा हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, गरिबाला त्याचे काय? त्यांना आम्ही बाबासाहेबांची आठवण देतो. १९४७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांच्या यादीतच लिहिले होते, की माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. सभागृहाने ती स्वीकारली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांना जे १९४७ मध्ये दिसले ते देशाला सत्तर वर्षांनी दिसले. आणि ते त्यांनी मागितले होते ते अस्पृश्यांच्या वतीने, कारण ज्याची झडती कुणीही केव्हाही घेऊ शकतो त्यालाच या हक्काची किंमत ठाऊक असते.

आता खरी गंमत पाहा. रोजगार हमीच्या मजुरांचे हजेरीचे फोटो सरकारी संकेतस्थळावर साऱ्या जगासाठी टाकले गेले. पण साहेबाविषयी काही विचारा! २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला. 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द उच्चारून अर्ज परत करण्याची वाट मोकळी झाली. मजुराचा चेहरा उघडा आणि अधिकाऱ्याची हजेरी झाकलेली, याला आम्ही खासगीपणा म्हणत नाही.

इथे आम्हाला आमच्याच माणसांशीही बोलायचे आहे. आरक्षणामुळे नोकरीत गेलेले आमचे कितीतरी बांधव या तालुक्यांत नेमणुकीवर आहेत. सकाळची लोकल धरून डहाणूला उतरायचे, संध्याकाळची गाठायची, आणि मधल्या वेळात 'साहेब मीटिंगला गेलेत' हे उत्तर. सगळे असे नाहीत. घरची ओढ, मुलांचे शिक्षण, हे आम्ही समजतो. पण दाखल्यासाठी शंभर रुपये भाडे खर्चून तलासरीला आलेली बाई रिकाम्या खुर्चीकडे पाहून परत जाते, तेव्हा तिचा दिवसाचा रोज बुडतो. कंपनीने ऑफिसात बोलावले म्हणून रागावणाऱ्यांनी या खुर्चीचाही विचार करावा.

आमचे म्हणणे साधे आहे. यंत्र बंद पडले तर कागदी हजेरीपट ग्राह्य धरा. मजुराचा फोटो कुठे जातो आणि किती दिवस ठेवला जातो, हे त्याच्या भाषेत सांगा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, याचा फलक प्रत्येक कार्यालयात लावा, आणि त्या शेजारी आज कोण हजर आहे तेही लिहा. डहाणू-तलासरीला पेसा कायदा लागू आहे. येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी हाच ठराव मांडावा. हजेरी घ्यायची तर दोघांची घ्या, आणि अब्रू राखायची तर तीही दोघांची राखा.