पोटरीतला गोळा

अंधेरीतल्या एका जिमच्या काचेवर या आठवड्यात नवी पाटी झळकली : ‘स्वेट इज फॅट क्राइंग’.  प्लास्टिकचे सूट चढवून ट्रेडमिलवर पळणाऱ्यांना एवढंच सांगतो, ऑक्टोबरच्या उकाड्यात तासाभरात काटा जो किलोभर खाली येतो, ते पाणी असतं. दोन तांबे प्यायलात की परत जागेवर. रडत असतो तो स्नायू.

तो कसा रडतो हे ७ नोव्हेंबर २०२३ ला वानखेडेवर सगळ्यांनी पाहिलं. क्रिकेट विश्वचषकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलिया अफगाणिस्तानविरुद्ध ७ बाद ९१ वरून सावरत होती आणि ग्लेन मॅक्सवेलच्या पायांत गोळे आले. गडी मैदानावर आडवा, फिजिओची धावाधाव, पुढचा फलंदाज झॅम्पा पॅड बांधून सीमारेषेपर्यंत आलेला. रनरची सोय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०११ सालीच गेलेली. मग मॅक्सवेल पाय न हलवता मारत सुटला : १२८ चेंडूंत नाबाद २०१. आणि वेळ रात्रीची होती हो, उन्हाचा पत्ता नव्हता! त्याच मैदानावर अडीच आठवडे आधी दक्षिण आफ्रिकेच्या क्लासेनची हीच गत झाली होती. पुढच्याच आठवड्यात शुभमन गिल ७९ वर तंबूत परतला. मुंबईत घाम वाहतो, वाळत नाही. आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. शरीर आणखी घाम गाळतं, रक्तातलं पाणी घटतं, उरलेलं रक्त कातडीलाही हवं असतं आणि स्नायूलाही. वजनाच्या २ टक्के पाणी गेलं की दम टिकेनासा होतो. गोळा मात्र पाणी-मीठ गेल्यामुळे येतो की दमलेल्या स्नायूच्या नसा बिथरल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांचं अजून जुंपलेलं आहे. लोणच्याचं खारं पाणी रक्तात पोचायच्या आत, दीडेक मिनिटात गोळा सोडवतं, असाही एक प्रयोग झालाय. आमच्या आजीला कुणी प्रयोगशाळा दिली नाही, एवढंच.

आता जून २०१४. मुंबई पोलीस भरती, विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गावर ५ किलोमीटरची धाव. पोरं गावाकडून आलेली, फुटपाथवर रात्र काढून रांगेत उभी. वर पावसाआधीची कोंदट हवा. त्या भरतीत किमान चार तरुण कोसळून गेले. मॅक्सवेल थांबू शकत होता. तो आडवा पडला तेव्हा सामनाही थांबला. विक्रोळीत थांबलं की गुण गेले, गुण गेले की नोकरी गेली. उकाड्यात रेटतच राहिलं तर स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं बसतात. वानखेडेवर हे ओळखायला पगारी माणसं होती.

भरतीत मुलांची धाव आता १६०० मीटर आहे. ५ मिनिटं १० सेकंदांत मारली की पैकीच्या पैकी २० गुण. अंतर कमी केलं, बरं झालं. पण मुलुंड-भांडुपकडच्या मैदानांवर सरावात अजूनही पोरांना सांगतात, ‘पळताना पाणी पिऊ नको, जिद्द ठेव.’ या जिद्दवाल्यांवर माझा जुना राग आहे. फी महिन्याच्या महिन्याला घेतात. त्यातून मीठ-साखरेच्या पाण्याचा एक पिंप भरायला काय हरकत आहे?