शब्दसंग्रह वाढला म्हणजे इंग्रजी आले काय?

निवासी शाळेत प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांचे प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बदलले आहेत. पूर्वी जेवणाची सोय कशी आहे, दिवाळीला किती दिवस सुट्टी मिळेल, एवढेच विचारले जाई. आज ऊसतोडीला जाणारा बाप असो की शहरातील मजूर नाक्यावर उभी राहणारी आई, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पोराला इंग्रजी येईल ना?" हा प्रश्न रास्त आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची भूक आहे. त्याचे उत्तर मात्र अलीकडे फार स्वस्त झाले आहे. अमक्या शाळेत मुलांचे हजार शब्द पाठ आहेत, तमक्या शाळेत स्पेलिंगसकट दोन हजार, अशा आकड्यांवर मुलांची प्रगती मोजली जाते आणि पालकही त्या आकड्याने सुखावतात. शब्दांची संख्या म्हणजे भाषा नव्हे, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत हा भेद न ओळखणे फार महाग पडणार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजीचा आग्रह आपल्या चळवळीला नवा नाही. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही त्या मुलाच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले. इतिहासाच्या वाचकाने ही दोन साले शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे शिका म्हणून सांगणारा आवाज आणि दुसरीकडे बंद दार! 1882 मध्ये हंटर आयोगासमोर जोतीराव फुले यांनी नेमके याच दारावर बोट ठेवले. रयतेच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हे त्यांचे म्हणणे होते.

हे दार बाबासाहेबांनी कसे ओलांडले, हेही पाहिले पाहिजे. रामजी सुभेदारांनी मुलाच्या इंग्रजीचा पाया घरीच, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर करवून घेत पक्का केला. परळच्या चाळीतील एका खोलीत पहाटे दोनला उठून केलेला तो अभ्यास होता. 1907 साली मॅट्रिक, 1912 साली बी.ए. आणि 1913 साली कोलंबिया विद्यापीठ, असा तो प्रवास आहे. आपण सांगताना विसरतो ती गोष्ट अशी की, कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेल्या या माणसाने 1920 साली 'मूकनायक' काढला तो मराठीत. रुपयाचा प्रश्न मांडताना इंग्रजी आणि मुक्यांना वाचा देताना मराठी, असा दोन्ही भाषांचा त्यांचा संसार होता. एकीसाठी दुसरीला घराबाहेर काढावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

आज मात्र आपल्याला दोन टोकाचे सल्ले मिळतात. स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात घालून सभांमधून मातृभाषेची थोरवी सांगणारा एक वर्ग आहे. आमच्या मुलांनी त्यांच्यासाठी मराठी सांभाळत बसावे, असा त्या थोरवीचा अर्थ होतो. हा सल्ला आम्हाला मान्य नाही. दुसरा सल्ला आमच्याच माणसांकडून येतो : शाळेचे माध्यम एकदम इंग्रजी करून टाका, वर्गात मराठी शब्द उच्चारला तर दंड लावा. हाही सल्ला मी नाकारतो. ज्या मुलाला प्रश्नच विचारता येत नाही, ते मूल इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसले काय आणि धारवाडच्या त्या शाळेबाहेर उभे राहिले काय, फारसा फरक पडत नाही. एकाला दाराने अडविले होते, दुसऱ्याला शब्दांनी अडविले आहे, इतकेच.

मग शब्दसंग्रह वाढवायचा कसा? प्रथम हे मान्य केले पाहिजे की आपली मुले इंग्रजीच्या बाबतीत रिकाम्या हाताने येत नाहीत. खेड्यातील मुलाच्या तोंडी ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटर, पंप, मीटर, रेशन कार्ड, टेन्शन, बॅलन्स असे शेकडो शब्द असतात. पहिल्याच आठवड्यात वर्गाकडून अशा शब्दांची यादी करून घ्यावी. मुले स्वतःच चकित होतात. पुढे या शब्दांचे रूप आणि अर्थ तपासावेत. 'लाईट गेली' म्हणताना आपण वीज गेली असे म्हणतो, पण इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड आणि हलकेसुद्धा. 'नंबर लावला' म्हणजे आपण रांगेत उभे राहिलो, पण इंग्रजीतला नंबर रांगेत उभा राहत नाही. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ कळला की मुलाला भाषेची चव लागते. ती चव पाठांतराने लागत नाही.

दुसरी गोष्ट शब्दाच्या घडणीची. संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपण दरवर्षी शिकवतो. त्याच दिवशी इंग्रजीच्या तासाला 'अनटचेबिलिटी' हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना फोडायला सांगावा. आधी 'अन', मग 'टच', मग 'एबल' आणि शेवटी 'इटी'. शेजारी मराठी शब्द लिहावा : अ, स्पृश्य, ता. दोन्ही भाषांनी हा शब्द जवळजवळ त्याच पद्धतीने जुळवला आहे, हे मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. मग 'अन' लागून होणारे अनहॅपी, अननोन, अनइक्वल हे शब्द आणि 'एबल' लागून होणारे वॉशेबल, रीडेबल हे शब्द मुले स्वतः शोधतात. एका शब्दाची गाठ सुटली की वीस शब्द हाती येतात, आणि तेही मराठी व्याकरणाच्या आधाराने. ज्याचे मराठी कच्चे, त्याला ही गाठ दिसतच नाही. मराठीला वर्गाबाहेर काढणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट उजळणीची. माणूस शिकलेले किती वेगाने विसरतो, याचे मोजमाप हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने 1885 साली प्रसिद्ध केले. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसर सर्वाधिक पडतो. म्हणून आज शिकलेला शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा भेटला पाहिजे. येथे निवासी शाळेचे भाग्य मोठे आहे. दिवस-शाळेतले मूल पाचच्या घंटेनंतर आपल्या हातातून निसटते, आपली मुले संध्याकाळच्या अभ्यासिकेतही आपल्याजवळच असतात. मायकेल वेस्ट यांनी 1953 साली इंग्रजीतील सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा मोठा भाग त्या शब्दांनी व्यापलेला असतो. रोज पाच शब्द आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर एका वर्षात एक हजार होतात. सहावीत आलेले मूल आठवीत जाण्यापूर्वी हा पाया पूर्ण करू शकते. मात्र, ते पाच शब्द वाक्यात वापरलेले हवेत, घोकलेले नव्हेत.

या ठिकाणी एका विद्यार्थिनीचे उदाहरण देणे उचित होईल. ती आठवीत आपल्याकडे आली. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, त्यामुळे प्राथमिक शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालेले. 'नाइफ' हा शब्द ती 'क्नाइफ' असा वाचे. तिच्या शब्दांच्या वहीला आम्ही तीन रकाने पाडून दिले : शब्द, मराठी अर्थ आणि स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य. काही महिन्यांनी तिने विचारले, "सर, मुकादमाला इंग्रजीत काय म्हणतात?" शब्दकोशातून कॉन्ट्रॅक्टर, फोरमन, एजंट असे शब्द निघाले. तिला एकही पटला नाही. कारण मुकादम कोण, हे तिला शब्दकोशापेक्षा अधिक ठाऊक होते. शेवटी तिने तिसऱ्या रकान्यात आपल्याजवळच्या साध्या शब्दांत तीन वाक्ये लिहिली. तो आमच्या लोकांना आधी पैसे देतो. तो त्यांना कारखान्यावर नेतो. पैसे फिटेपर्यंत आम्ही घरी येऊ शकत नाही. या वाक्यांत व्याकरणाच्या दोन चुका होत्या, पण त्या दिवशी तिला इंग्रजी आले, असे मी मानतो. नेमका शब्द नसतानाही हाताशी असलेल्या शब्दांनी आपले म्हणणे मांडता येणे, हीच भाषेतली प्रगती.

त्याच वहीत पुढे 'ॲडव्हान्स' हा शब्द आहे. घरी तो मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसाठी वापरला जाई. पाठ्यपुस्तकात तो पुढे जाणे या अर्थाने भेटला. तिने दोन्ही अर्थ लिहिले आणि खाली प्रश्न लिहिला की, ज्या ॲडव्हान्समुळे माणूस जागीच अडकतो, त्याला हे नाव का? याचे उत्तर इंग्रजीच्या शिक्षकाने द्यायचे की इतिहासाच्या, याची आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. दोन हजार शब्द पाठ असणाऱ्या किती मुलांच्या वहीत असा एक प्रश्न सापडेल?

शब्दाचे वजन ओळखणे हा आपला वारसाच आहे. 'हरिजन' या शब्दाला बाबासाहेबांनी केलेला विरोध आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्याने दिलेले गोड नावही त्यांनी तपासल्याशिवाय घेतले नाही. जातिव्यवस्थेविषयी 1936 साली लिहिताना त्यांनी शीर्षकात सुधारणा हा शब्द न घालता निर्मूलन या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. हाच माणूस पुढे पाली भाषेचा शब्दकोश सिद्ध करीत होता. इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती अशा चार भाषांत एकेका पाली शब्दाचे अर्थ ते नोंदवीत होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात तो प्रसिद्ध केला आहे. आपल्या ग्रंथालयातील तो खंड मुलांच्या हाती द्यावा. राज्यघटनेचा शिल्पकारही शब्दांची वही ठेवीत होता, हे त्यांना डोळ्यांनी दिसू द्यावे.

आणखी एक अडथळा आहे, तो हसण्याचा. कोणी 'इस्कूल' म्हणाले की वर्ग हसतो आणि ते मूल पुढे महिनाभर तोंड उघडत नाही. आपण सकाळच्या वंदनेनंतर मुलांना अष्टांगिक मार्ग समजावून सांगतो. सम्यक वाचा म्हणजे केवळ खोटे न बोलणे नव्हे. दुसऱ्याच्या बोलण्याला इजा होईल असे न वागणेही त्यात येते. चुल्लवग्गात भगवंतांनी धम्म छंदस भाषेत बांधून ठेवण्याची सूचना नाकारली आणि लोकांना आपापल्या भाषेत तो शिकण्याची मुभा दिली, असा प्रसंग आहे. ज्या परंपरेने बोलीला कमी लेखले नाही, त्या परंपरेच्या शाळेत गावाकडच्या उच्चारावर हसू उमटणे शोभत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने संस्थेपुढे, सहकाऱ्यांपुढे आणि पालकांपुढे काही सूचना ठेवतो. प्रगतिपुस्तकात पाठ शब्दांचा आकडा लिहिण्याऐवजी मुलाने महिनाभरात इंग्रजीत स्वतःहून लिहिलेली वाक्ये आणि विचारलेले प्रश्न नोंदवावेत. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी न करता त्याच्याच जूनमधल्या वहीशी करावी. इंग्रजीच्या तासाला मराठीतून अर्थ विचारण्याची पूर्ण मोकळीक असावी. अभ्यासिकेतील अर्धा तास सोप्या इंग्रजी गोष्टींच्या वाचनासाठी राखावा, कारण शब्द यादीत ओळखीचा होतो आणि गोष्टीत आपला होतो. आणि स्नेहसंमेलनात मुलांकडून घोकून घेतलेली इंग्रजी भाषणे करवून घेण्याऐवजी एखाद्या मुलीने आपल्या आईची मुलाखत मराठीत घेऊन ती इंग्रजीत वाचून दाखवावी.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. दहा-दहा वर्षे ती भाषा शिकूनही बँकेतला अर्ज दुसऱ्याकडून भरून घेणारे आपले तरुण मी रोज पाहतो. त्यांना शब्द कमी शिकवले गेले असे नाही. ते शब्द त्यांच्या जगण्याला कधी जोडले गेले नाहीत. ती जोडणी करणे हे शिक्षकाचे काम आहे आणि निवासी शाळेइतकी अनुकूल जागा त्यासाठी दुसरी नाही. पालकांनी यापुढेही विचारावे, "सर, इंग्रजी येईल ना?" आपण मात्र उत्तरादाखल शब्दांचा आकडा न सांगता मुलाची वही त्यांच्यासमोर उघडावी, आणि तिसऱ्या रकान्यातले एक वाक्य मुलालाच वाचून, मराठीत समजावून सांगायला लावावे. बापाला ते कळले, तर दोन्ही भाषा आल्या असे समजावे.

जय भीम! नमो बुद्धाय!